मुळं खोल, सिझियम वरच

माती-पाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझा मुलगा नोकरीसाठी जपानात सेंदाईला असतो. सून आणि तीन वर्षांची नात तिथेच. परवा व्हिडिओ कॉलवर नात पीच खात होती, रस अगदी कोपरापर्यंत ओघळलेला. सून सहज म्हणाली, "आई, हे फुकुशिमाचे पीच आहेत, फार गोड असतात." त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. स्फोटानंतर जे जमिनीवर पडलं, ते इतक्या वर्षांच्या पावसाने झिरपत झिरपत आता मुळांपर्यंत पोचलं असेल ना? म्हणजे फळांत ते आत्ता कुठे यायला लागलं असेल. मुलाला विचारलं तर म्हणतो, "सगळं तपासलेलं असतं." एवढ्याने माझं समाधान होत नाही.
(एक आजी, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : ताई, समाधान न होणं योग्यच आहे. तपासणी होते हे खरं, पण फळ स्वच्छ का निघतं हे कुणी समजावून सांगितलं नाही तर मनातली पाल चुकचुकत राहते. तुमचा प्रश्न वाचून मला बरं वाटलं, कारण मातीचा विचार करणाऱ्या माणसाला पहिली शंका हीच यायला हवी. पाणी खाली जातं, तर त्यात मिसळलेलंही खाली जाणार. मिठाच्या बाबतीत हे खरं आहे, युरियापासून बनणाऱ्या नायट्रेटच्या बाबतीतही खरं आहे. सिझियम, म्हणजे त्या स्फोटानंतर जमिनीवर पडलेला मुख्य किरणोत्सर्गी पदार्थ, त्याच्या बाबतीत मात्र नाही.

आधी काय झालं ते थोडक्यात. ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी झाली. १२, १४ आणि १५ तारखेला किनाऱ्यावरच्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात स्फोट झाले. १५ तारखेला वारा वायव्येकडे वळला आणि त्याच वेळी तिकडे पाऊस आणि बर्फ पडला. हवेतलं सिझियम त्या पावसाबरोबर खाली आलं. केंद्रापासून साठेक किलोमीटरवर फुकुशिमा शहर आहे आणि त्याच्या आसपासचं खोरं म्हणजे फळबागांचा मुलूख : पीच, नाशपाती, सफरचंद, पर्सिमन. किरणोत्सर्गी आयोडिन-१३१ ही पडलं होतं, पण ते दर ८ दिवसांनी निम्मं होतं, उन्हाळ्यापर्यंत संपलं. मागे राहिली सिझियमची दोन रूपं, जवळपास सारख्या प्रमाणात. सिझियम-१३४ सुमारे २ वर्षांनी निम्मं होतं, सिझियम-१३७ ला त्यासाठी ३० वर्षं लागतात.

आता यातली कळीची गोष्ट. मार्चमध्ये ती झाडं उघडी होती. पान नाही, फूल नाही, नुसत्या फांद्या. म्हणजे सिझियम पडलं ते सालीवर आणि झाडाखालच्या गवतावर. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात फळांत सिझियम सापडलं तेव्हा सगळ्यांना तुमच्यासारखंच वाटलं, की मुळांनी ओढलं. मग बागांची माती थर काढून मोजली. सिझियमचा मोठा भाग वरच्या ५ सेंटीमीटरात अडकलेला, आणि झाडाची अन्न घेणारी मुळं बहुतेक त्याच्या खाली. मग फळात गेलं कसं? सालीतून. झाडाला सिझियम आणि पोटॅशियम यांत फारसा भेद करता येत नाही. सालीतून जे आत शिरलं ते झाडाने पोटॅशियम समजून जिथे वाढ चालली होती तिकडे पाठवलं, म्हणजे कोवळ्या पानांकडे आणि फळांकडे.

याची साक्ष इतर झाडांनीही दिली. उमे नावाचं आंबट जर्दाळूसारखं फळ असतं, त्याचं झाड लवकर फुलतं. युझू हे लिंबाच्या जातीचं, बारमाही हिरवं. २०११ मध्ये या दोन्हींचे काही नमुने तेव्हाच्या ५०० बेकरेल प्रतिकिलोच्या मर्यादेच्या वर गेले (बेकरेल हे किरणोत्सर्गाचं माप, त्याविषयी पुढे सांगते). जवळपास ३०० किलोमीटर दूर, कानागावा प्रांतात, चहाच्या पानांतही मर्यादा ओलांडली गेली. चहा मार्चमध्येही पानांनी भरलेला असतो. जुन्या पानांनी झेललं आणि नव्या पालवीला दिलं, मातीचा त्यात संबंध जवळजवळ नाही.

म्हणून त्या हिवाळ्यात बागायतदारांनी जे केलं ते मातीवर नाही, झाडावर केलं. डिसेंबर २०११ पासून थंडीत, बर्फात उभं राहून, जोराच्या पाण्याच्या पंपाने एकेक फांदी धुतली. नाशपाती आणि पर्सिमनची खडबडीत मेलेली साल खरवडून काढली. हजारो झाडं, प्रत्येक झाडाच्या प्रत्येक फांदीला वरून, खालून, बगलेतून. मी फळबागांच्या मातीवर ३४ वर्षं काम केलं आहे. एक झाड नीट धुवायला किती वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, म्हणून त्या माणसांविषयी मनात फार आदर आहे. दुसऱ्या वर्षीच्या फळांतले आकडे निम्म्याहून खाली आले.

आता माती ते खाली का जाऊ देत नाही? या आठवड्यात तुमच्यासाठी मी घरी एक प्रयोग केला, तुम्हालाही करता येईल. बोटाएवढ्या जाड, हातभर लांब दोन काचेच्या नळ्या घेतल्या. तळाला कापूस. आमच्या अंगणातली काळी माती वाळवून, कुटून, चाळली आणि एक भाग मातीला तीन भाग नर्मदेची धुतलेली वाळू मिसळली. (नुसती काळी माती भरू नका. पाणी पडलं की ती फुगते आणि बूच बसतं.) एका नळीत वरून जेंशियन व्हायोलेटचं पाणी घातलं. तेच ते जांभळं औषध, तोंड आलं की आपल्या आया जिभेला लावायच्या. दुसरीत लाल शाईचं पाणी. सकाळी सुरू केलं. दुपारी लाल नळीखालच्या वाटीत गुलाबी थेंब पडू लागले. जांभळ्या नळीतून संध्याकाळपर्यंत दोन पेले पाणी उतरलं, सगळं नितळ. जांभळा पट्टा वरच्या अर्ध्या बोटातच बसून राहिला.

चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. जांभळ्या औषधाचा रेणू धन भाराचा, तो चिकटतो. लाल शाईतला रंग ऋण भाराचा, त्याला माती जवळ करत नाही. सिझियमही धन भाराचं. पण त्याची गोष्ट इथे थांबत नाही. अभ्रकाच्या जातीची जी खनिजं मातीत असतात, इलाइटसारखी, त्यांचे कण पापुद्र्यांचे असतात. कडेला हे पापुद्रे जुन्या वहीच्या पानांसारखे विस्कटून थोडे उघडलेले असतात. सिझियमचा कण पाण्याचं आवरण सहज टाकतो आणि त्या फटीत जाऊन नेमका बसतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम हे पाण्याचा अंगरखा सोडत नाहीत, म्हणून त्यांना त्या फटीत शिरता येत नाही आणि सिझियमला तिथून हुसकताही येत नाही. काही काळाने पापुद्रे मिटतात आणि सिझियम आत कोंडलं जातं. जांभळा रंग मातीला बाहेरून चिकटला, हे आतून अडकलं.

थोडं खाली जातंच. गांडुळं माती खाली-वर करतात, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या राहतात, बारीक चिकणकण स्वतःच सिझियम घेऊन पाण्याबरोबर सरकतात. पण हा वेग वर्षाला काही मिलिमीटरांचा. मार्च २०२६ ला या घटनेला १५ वर्षं. तेवढ्या काळात सिझियम-१३४ एक टक्क्याच्याही खाली आलं. सिझियम-१३७ मात्र अजून ७० टक्के शिल्लक आहे, ते मी लपवणार नाही. ते बागेत आहे, वरच्या थरात आहे. जे थोडं मुळांपर्यंत पोचतं तेही पापुद्र्यांत अडकूनच, आणि मुळांना फक्त पाण्यात सुटं असलेलं घेता येतं. शिवाय मातीत पोटॅशियम भरपूर असेल तर मुळं आधी तेच उचलतात. म्हणून ताई, तुम्हाला वाटतं त्याच्या उलट घडलं : फळांना पहिलं वर्ष सगळ्यांत वाईट गेलं आणि नंतर दर वर्षी आकडा उतरत गेला.

एप्रिल २०१२ पासून जपानात मर्यादा आणखी कडक आहे. साध्या अन्नाला किलोमागे १०० बेकरेल, दूध आणि बाळांच्या अन्नाला ५०. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. तुमच्या-माझ्या शरीरात नैसर्गिक पोटॅशियममुळे सेकंदाला साधारण ४,००० अणू असेच फुटत असतात. हा आकडा मी फक्त मोजमापाचा अंदाज यावा म्हणून दिला. "केळ्यातही किरणोत्सर्ग असतो" असं सांगून लोकांना गप्प करतात ते मला मुळीच आवडत नाही. शरीर पोटॅशियमची पातळी कायम राखतं, जास्तीचं बाहेर टाकतं. सिझियम ही वरची भर असते आणि मोठ्या माणसाच्या शरीरातून ते निम्मं व्हायला सुमारे तीन महिने लागतात. म्हणून ते मोजायलाच हवं.

सुनेला दोन गोष्टी जरूर सांगा. एक, रानातली गोष्ट बागेसारखी नाही. जंगलात वर चिकणमाती नसते, कुजक्या पानांचा थर असतो आणि तो सिझियमला घट्ट धरत नाही. ते पानातून थरात, थरातून बुरशीत आणि मुळांत, तिथून पुन्हा पानात असं फिरत राहतं. म्हणून फुकुशिमाच्या रानातली अळंबी, कोशिआबुरा नावाचे वसंतातले कोवळे कोंब आणि रानडुकराचं मांस यांवर अजून बंधनं आहेत. कुणी शेजाऱ्याने प्रेमाने रानातून आणून दिलं तर नम्रपणे नको म्हणावं. दुसरी, वाळवलेलं फळ. आपण आंबापोळी करतो तसं तिथे दाते भागात पर्सिमन वाळवून आन्पोगाकी करतात. वाळवताना पाणी उडतं, सिझियम उडत नाही. ताज्या फळात ३० असलं तर वजन चौथ्या हिश्शावर आल्यावर ते १२० होणार. म्हणून २०११ आणि २०१२ ला तिथल्या लोकांनी आन्पोगाकी विकलीच नाही आणि २०१३ ला सुरू केली ती पेटीन् पेटी तपासून. दुकानातून घेतलेली खायला हरकत नाही.

नातीला पीच खाऊ द्या. पुढच्या कॉलवर साल काढली होती का वगैरे विचारू नका, सून उगाच धास्तावेल.

प्रश्न : आम्ही राजेंद्र नगरात राहतो, कॅट जवळच आहे. तिथून काही उडून आमच्या परसातल्या मातीत येत असेल का? आम्ही मेथी, कोथिंबीर घरचीच खातो.
(एक गृहिणी, राजेंद्र नगर, इंदूर)

उत्तर : नाही. कॅट, म्हणजे आताचं राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्र, ही अणुभट्टी नाही. तिथे लेझरवर काम होतं आणि इंडस-१, इंडस-२ ही यंत्रं आहेत, ज्यांत इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रकाश आणि क्ष-किरण मिळवतात. यंत्र बंद केलं की किरण बंद. युरेनियम फुटून सिझियम तयार होण्याचा प्रकारच तिथे नाही. मेथी खुशाल खा. परसात जुना रंग, बॅटरीचा कचरा कधी पुरला गेला असेल तर मात्र शिशासाठी माती तपासून घ्या. ती खरी शक्यता आहे.

प्रश्न : मॅडम, सिमरोलजवळ आमचा अडीच एकरांचा जामचा (पेरूचा) बगीचा आहे. रावतभाट्याचं अणुवीज केंद्र इथून फार लांब नाही. देव न करो, पण तिथे जपानसारखं झालं तर आमच्या काळ्या मातीत काय होईल? लगेच वखर घालून माती खाली-वर करावी का?
(एक बागायतदार, सिमरोल)

उत्तर : दादा, रावतभाटा इंदूरपासून सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर. त्या भट्ट्या वेगळ्या पद्धतीच्या आहेत, जड पाण्याच्या. तरी ३०० किलोमीटरवरच्या चहाची गोष्ट वर सांगितलीच आहे, म्हणून तुमचा प्रश्न मी बाजूला सारणार नाही.

वखराला हात लावू नका. त्या दिवशी नाही आणि मोजणी होईपर्यंत नाही. सगळं वरच्या ५ सेंटीमीटरात असतं तोवर ते काढून टाकता येतं. वखर, नांगर फिरला की तेच २० सेंटीमीटरात पसरतं आणि चौपट माती उचलावी लागते. हिशोब करा : अडीच एकरांची ५ सेंटीमीटर माती म्हणजे ५०० घनमीटर. ट्रॉलीत ३ घनमीटर धरले तर १६०-१७० ट्रॉल्या. तीही एवढी उचलायची की जामची वरची मुळं उघडी पडतील. जपानने शेतं, अंगणं, शाळांची मैदानं खरवडून जी माती ओकुमा आणि फुताबा या गावांत साठवली आहे ती सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर भरली. २०४५ पर्यंत ती प्रांताबाहेर न्यायची असं कायद्यात लिहिलं आहे. माती काढणं सोपं, ठेवायची कुठे हा प्रश्न उरतोच.

आता काळी माती. आजींना मी जे सांगितलं ते आपल्याकडे जसंच्या तसं लागू होत नाही. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीच्या खनिजाचं प्रमाण जास्त. ते धन भाराचे कण पुष्कळ धरतं, पण सैल धरतं. घट्ट धरणारं इलाइट असतं, पण कमी. दुसरं म्हणजे भेगा. मे महिन्यात तुमच्या बगिच्याबाहेरच्या पडीक तुकड्यात हात घालून बघा, कोपरापर्यंत जातो. एप्रिल-मेमध्ये काही पडलं तर वरची धूळ त्या भेगांत घरंगळणार आणि पहिल्या पावसात आणखी खाली धुतली जाणार. म्हणजे जपानी बागेत जे काम गांडुळांना वर्षानुवर्षं लागलं, ते आपल्याकडे एका उन्हाळ्यात काही प्रमाणात होऊ शकतं. पावसाळ्यात माती फुगून भेगा मिटलेल्या असताना पडलं तर तो धोका कमी. याच कारणासाठी बगिच्यात गवत राखलेलं बरं. गवताखालची माती कमी भेगाळते आणि पडणारं गवत झेलतं. ते कापून वेगळं उचलता येतं.

जाम बारमाही हिरवा, म्हणून पहिला मार पानांवर. छाटणी करून पानं, फांद्या, लागलेली फळं सगळं उतरवावं लागेल आणि तो बहार सोडावा लागेल. एक गोष्ट मात्र जामच्या बाजूची आहे : त्याची साल पातळ पापुद्र्यांनी आपोआप सुटते. जे पीचच्या सालीवर पंपाने करावं लागलं, त्यातलं काही हे झाड स्वतःच टाकेल असं मला वाटतं. ते पापुद्रे मात्र झाडाखाली पडू द्यायचे नाहीत, खाली प्लास्टिक अंथरायचं.

आणि खत. आपलं कृषी महाविद्यालय जिथे आहे तिथेच १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा आणि शेण कुजवण्याची पद्धत बसवली. जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर हेच शिकवलं की बागेतलं पान बागेबाहेर जाऊ देऊ नका. अशा प्रसंगी मात्र याच्या बरोबर उलट करायचं. त्या पानांचं खत म्हणजे सिझियम पुन्हा मुळाशी, तेही पानांच्या सैल पकडीत. जपानने ऑगस्ट २०११ मध्ये खतासाठी किलोमागे ४०० बेकरेलची मर्यादा घातली ती याचमुळे. कच्चं शेणही टाळा. त्यातलं अमोनियम आकाराने सिझियमसारखंच असल्यामुळे पापुद्र्यांच्या फटीतून त्याला थोडं बाहेर ढकलू शकतं.

आज करण्यासारखं एकच आहे, ते जामच्या गोडीसाठीही उपयोगाचं आहे. मातीतलं पोटॅश तपासून घ्या. माळव्याची माती पोटॅशमध्ये सहसा चांगली असते म्हणून कुणी बघत नाही, पण तुमचा बगीचा १५-२० वर्षांचा असेल तर फळांबरोबर बरंच पोटॅश बाहेर गेलं आहे : एक किलो जाममध्ये सुमारे ४ ग्रॅम. जपानमध्ये भातशेतीसाठी १०० ग्रॅम मातीत २५ मिलिग्रॅम पोटॅश राखायला सांगितलं होतं. नमुना दोन थरांत वेगळा घ्या, ० ते ५ आणि ५ ते २० सेंटीमीटर. प्रत्येक थराचे आठ-दहा ठिकाणचे नमुने घमेल्यात एकत्र करून सावलीत वाळवा आणि अर्धा-अर्धा किलो कापडी पिशवीत भरा. पिशवीवर थर पेन्सिलने लिहा, शाई ओलीने फुटते.